एक लाख वीस हजार टाक्यांचा आहेर

घरात लग्न ठरलंय का? ताईचं, मामाचं, नाहीतर शेजारच्या दादाचं? मोठी माणसं हॉल, जेवण आणि याद्यांत बुडालेली असतात. आहेराचं पाकीटही आईबाबाच भरतात, आपलं त्यावर फक्त नाव! म्हणून या वेळी अगदी आपल्या हातचा आहेर करू या. लोकरीचं पांघरूण विणू या.

मुलग्यांनो, पान उलटू नका हं! ब्रिटनच्या टॉम डेलीने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचं सुवर्णपदक मिळवलं आणि नंतर हा पठ्ठ्या प्रेक्षकांत बसून खुशाल विणत होता. पदकावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पिशवीसुद्धा विणली होती.

आधी हिशेब मांडू. 20 सेंटिमीटरचे चौकोन विणायचे आणि जोडायचे. रुंदीला 6 आणि लांबीला 8, म्हणजे 48 चौकोन. मध्यम जाडीच्या लोकरीच्या एका चौकोनात साधारण अडीच हजार टाके येतात. करा बरं गुणाकार. एक लाख वीस हजार! नवा हात मिनिटाला 20 टाके घालतो असं धरलं, तरी 100 तास. रोज एक तास बसलात तर सव्वातीन महिने, आणि मधे सहामाही परीक्षा आहेच. मुहूर्त काही तुमच्यासाठी थांबणार नाही. तेव्हा एकट्याने हे अंगावर घेऊ नका. चार भावंडं जमवा, की झाले 25 दिवस.

पण खरी गोम इथेच आहे. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तेवढेच टाके घालून एकाचा चौकोन 18 सेंटिमीटरचा होतो, दुसऱ्याचा 22 चा. असे चौकोन जोडले की पांघरुणाला चुण्या पडतात. यावर एक झकास युक्ती आहे: चौकोन कोपऱ्यापासून विणायचा. सुईवर फक्त 3 टाके घाला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा, बाकीचे सगळे सुलट विणा. त्रिकोण वाढत जाईल. पट्टी लावून त्याची बाजू 20 सेंटिमीटर भरली, की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करा. शेवटी पुन्हा 3 उरले की बंद! टाके मोजायचेच नाहीत, त्यामुळे घट्ट हात आणि सैल हात दोघांचाही चौकोन सारखाच. (सुलट टाका छापील शब्दांतून शिकणं अवघड असतं. आजी, काकू, शेजारीण, ज्यांना येतं त्यांच्याजवळ अर्धा तास बसा.)

लोकर किती आणायची? पहिला चौकोन वाण्याच्या काट्यावर तोला. 18 ग्रॅम भरला तर 48 चौकोनांना 864 ग्रॅम, वर थोडी जोडायला. एका रंगाची सगळी लोकर एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळतो का ते बघा. नाहीतर दुकानात एकच वाटलेला निळा घरी आल्यावर दोन तऱ्हेचा दिसतो. मेंढीची लोकर जास्त ऊबदार खरी, पण गरम पाण्यात चोळली तर आटते आणि तिला कसरही लागते. नव्या संसारात एवढी काळजी कोण घेणार? मी तरी अॅक्रिलिकच घेईन. त्याला फक्त गरम इस्त्री लावू नका, टाके चपटे होतात.

जोडायला आठवडाभर हाताशी ठेवा, कारण हे काम वाटतं त्यापेक्षा रेंगाळतं. सगळे चौकोन आधी जमिनीवर मांडून रंग ठरवा, मग सुईदोरा घ्या. आणि तारीख जवळ आली नि चौकोन 48 भरले नाहीत तर? 42 असतील तर 6 बाय 7 करा. 35 च असतील तर 5 बाय 7, गुडघ्यांवर घ्यायला छान होतं. ताईला थोडंच माहीत आहे तुम्ही किती ठरवले होते ते!