ठाण्यात आपल्या बाजूची बाई पाहिजे



किनवट-माहूरकडच्या कोणत्याही गावात विचारा, पोलिस ठाण्याची पायरी राजीखुशीनं कोण चढतं? बाईवर हात टाकला, वहिवाटीच्या वावरातलं उभं पीक उपटलं, तरी माणूस आधी म्हणतो, "जाऊ द्या." भीती नुसती काठीची नाही. आपण गोंडी-कोलामीत सांगतो, समोरचा मराठीत लिहितो. अंगठा कशावर उठला ते घरी आल्यावर कळतं. गुन्हा नोंदलाच नाही, नुसती एन.सी. झाली.

ही भीती उगीच बसलेली नाही. 1972 ला देसाईगंजच्या ठाण्यातच एका आदिवासी पोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. सुप्रीम कोर्टानं त्या पोलिसांना सोडलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा कुठं 1983 ला कायदा बदलला. पण नुसत्या कायद्यानं भागत नाही. ठाण्यात बाईच्या शेजारी बसून तिची बाजू सांगणारं कोणीतरी लागतं.

अशी सोय आपल्याच राज्यात निघाली. 1984 ला मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेनं पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथं समाजकार्य शिकलेल्या बाया बसतात. जागा पोलिसांची, पण त्या पोलिसांच्या नोकर नाहीत. म्हणून तर त्यांना साहेबापुढं बोलता येतं. पुढं सरकारनं असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

काम चांगलं आहे, पण आमच्यापर्यंत पोचत नाही. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर. एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडं घालून गेलेल्या बाईला तिथं तिची भाषा कळणारी भेटली नाही तर ती दुसऱ्यांदा जाणार नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: आमच्याच गावच्या शिकलेल्या पोरी निवडा, त्यांना हे शिक्षण द्या, पगार द्या आणि तालुक्याच्या ठाण्यात बसवा.

आणि शिकवायचं काय? नुसतं घरात समेट घडवणं नको. मार खाल्लेल्या बाईला परत त्याच घरी धाडणं म्हणजे मदत नव्हे. ॲट्रॉसिटी कायदा कलमासह आला पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या कोणी आदिवासीला जमिनीवरून बेकायदा हुसकलं किंवा वनहक्कात आडकाठी केली, तर तोही या कायद्यानं गुन्हा आहे, हे ठाण्यातल्या कार्यकर्तीला ठाऊक पाहिजे. आमच्यात बाईचा मार आणि वावराचा वाद पुष्कळदा एकाच भांडणातून निघतो.

तोवर हे ध्यानात ठेवा. ॲट्रॉसिटीची तक्रार तोंडी दिली तरी ती लिहून, वाचून दाखवून मगच सही-अंगठा घ्यायचा, असं कलम 4 सांगतं. एफ.आय.आर.ची नक्कल फुकट मिळते. कलम 15-अ प्रमाणे समाजसेवक, संस्था किंवा वकिलाची मदत घेणं हा पीडिताचा हक्क आहे. "बाहेर थांबा" म्हणाले तर हे कलम सांगा. ऊसतोडीला लातूरकडं गेलेल्यांनीही लक्षात ठेवा, गुन्हा कुठंही घडो, तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते.

येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. बारावी झालेल्या, बोलायला न भिणाऱ्या दोन पोरींची नावं त्यात घाला. ठरावाची एक प्रत पोलिस अधीक्षकांना आणि एक किनवटच्या प्रकल्प कार्यालयाला द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जोहार!