कॅमेरा हलवू नका राव!

आमच्या ऑफिसात सध्या एक प्रश्न फार चालतो - "गिंबल कुठला घेऊ?" लंचमध्ये त्यावर अर्धा-अर्धा तास खल. कुणाला फोर-के हवंय, कुणाला स्लो मोशन. पण शूट काय करायचंय, आणि ते कुठून नीट दिसेल, हे कुणीच विचारत नाही. रिक्वायरमेंट न समजून घेता आधी टूल निवडण्यात आपला इंजिनिअर लोकांचा हात कोण धरणार!

माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ चांगला काढायला शिकायचंय ना? मग पहिले सहा महिने कॅमेरा हलवायचाच नाही. उभं राहायची जागा शोधायची, फ्रेम लावायची आणि गप्प बसायचं.

बोअर होईल म्हणता? मग चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा. २०१४ साली व्हेनिसला गाजला, २०१५ मध्ये आपल्याकडे लागला. मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी ठाम उभा. वकील बोलतायत, न्यायाधीश टाइप करणाऱ्याला मजकूर सांगतायत, मागे लोक ताटकळलेत. कुणाकडे बघायचं ते आपलं आपण ठरवायचं. शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि कॅमेरा त्या अंधाराकडे बघत राहतो. आरोपीचं काय, हा प्रश्न कुणी उच्चारत नाही, पण तो आपल्याला पडतोच. तिथे कॅमेरा फिरवला असता तर मेलंच असतं सगळं.

"पण आम्हाला कुठे आर्ट फिल्म काढायचीय?" ठीक आहे, मग आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली (आज तिथे एफटीआयआय आहे). इथला त्यांचा पहिला चित्रपट म्हणजे शांतारामबापूंचा 'अमृतमंथन', १९३४ चा. त्यात राजगुरूच्या एका डोळ्याचा पडदाभर क्लोजअप आहे, टेलिफोटो लेन्सने घेतलेला. इतक्या वर्षांनीही लोक त्याबद्दल बोलतात. का? कारण तो नेमक्या जागी आहे. दर दोन मिनिटांनी डोळा दाखवला असता तर कोण लक्षात ठेवणार होतं? तेव्हा कॅमेरा जड आणि फिल्म महाग, त्यामुळे आधी विचार करणं भाग होतं. आता रेकॉर्डिंग फुकट झालंय. स्टोरेज स्वस्त झालं की कोड कसा फुगतो, तसंच हे.

आणि यात नुकसान आपलंच होतं. म्हणजे बघा, आज्जी उकडीचे मोदक करतेय. घराघरात असा एक व्हिडिओ असतोच. त्यात सुरुवातीला आज्जी, मग पंखा, मग हात हलवणारा भाचा, मग झूम करून नारळ, मग परत आज्जी. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, पण कळ्या कशा पाडल्या ते त्यात कुठेच नीट दिसत नाही. उद्या आज्जी नसेल तेव्हा सून किंवा नातू तो बघून एक तरी मोदक करू शकेल का?

तिथे फक्त तीन शॉट पुरतात. पहिला लांबून, आज्जी कुठे बसलीय ते दाखवणारा, मोजून दहा सेकंद. दुसरा कमरेपासून वर, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. तिसरा फक्त हातांचा. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. तिच्या खांद्यामागून घेतलात तर बघणाऱ्याला ते स्वतःचेच हात वाटतील. पारी करण्यापासून टोक काढेपर्यंत एक अख्खा मोदक, मध्ये न थांबता. खिडकी तिच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा पडेल, म्हणून उजेड बाजूने येईल असे उभे राहा. आधी तिच्या उजवीकडे उभे होतात तर पुढच्या शॉटला एकदम डावीकडे जाऊ नका, नाहीतर तिचं तोंड उगाच फिरल्यासारखं वाटतं. यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. आणि हो, मिक्सर आणि टीव्ही बंद. ती काहीतरी सांगत असते हो, ते ऐकू यायला हवं.

विसर्जन मिरवणुकीचंही तेच. लक्ष्मी रोडवर ढोलपथक चालत तुमच्याकडेच येतंय. हलणारी गोष्ट समोर असताना आपण कशाला हलायचं? एका दुकानाच्या पायरीवर उभे राहा आणि त्यांना फ्रेममध्ये येऊ द्या, निघून जाऊ द्या.

कॅमेरा कधीच हलवू नये असं नाही. फक्त हलवण्याआधी एक कारण सांगता आलं पाहिजे. "गिंबल आहे म्हणून" हे कारण होत नाही.

तेव्हा गणपतीपर्यंत थांबू नका. या रविवारी आईला पोळ्या लाटताना शूट करा. तीन शॉट, दहा-दहा सेकंद. गिंबलचे पैसे वाचले तर छानसा ट्रायपॉड घ्या.