विमान उतरण्याच्या दिवसाचे रेल्वे तिकीट

ग्लासगोला लेकाकडे निघालेल्या अम्मी-अब्बांचे विमान पुष्कळदा लंडनला उतरते. पुढचा प्रवास रेल्वेचा. यूस्टन ते ग्लासगो सेंट्रल हे अंतर सुमारे ६४० किलोमीटर, वेळ साडेचार ते पाच तास. आपल्याकडे काळजी वेटिंग लिस्टची, तिथे काळजी भाड्याची. ‘ॲडव्हान्स’ तिकिटे साधारण १२ आठवडे आधी मिळू लागतात आणि त्यांतली स्वस्त आधी संपतात. म्हणून मुले हौसेने विमान उतरण्याच्या दिवसाचेच तिकीट काढून ठेवतात.

आमचे सांगणे असे, की त्या दिवशी हा मोह टाळावा. हे तिकीट त्याच एका गाडीचे असते. विमानाला उशीर झाला, इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला आणि गाडी सुटली, तर पैसे बुडाले. त्यापेक्षा ‘ऑफ-पीक’ तिकीट घ्यावे. ते महाग पडते, पण गर्दीच्या वेळा सोडून पुढची गाडी धरता येते. लंडनमध्ये कुणी नातलग असेल तर एक रात्र विसावा घ्यावा आणि दुसऱ्या दिवसाचे ॲडव्हान्स काढावे. परतीलाही हाच हिशेब. विमानाच्या आदल्या दिवशीच लंडन गाठावे.

साठी ओलांडली असेल तर पासपोर्टवर सीनियर रेलकार्ड विकत घेता येते. त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते. यूस्टनला फलाट गाडी सुटण्याच्या थोडेच आधी जाहीर होतो आणि हमाल नसतात. तेव्हा आपल्याला उचलेल एवढीच बॅग न्यावी. हलाल जेवणाची गाडीत खात्री नाही, डबा जवळ ठेवावा.

पाउंड वाचवावेत, पण थकल्या जिवांची धावपळ करून नव्हे.