एवढ्याशा ताटलीवर एवढी टीका

अंबाजोगाईचे निवृत्त गुरुजी आणि बाई युरोपला गेले. पॅरिसमध्ये एका रात्री सहलवाल्यांचा वरणभात चुकवून दोघंच एका बड्या रेस्टॉरंटात जेवले आणि भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध रुपयाएवढा पदार्थ, असा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जेवले ते दोघं. अजीर्ण झालं गेवराईपासून परळीपर्यंतच्या भाऊबंदांना. एवढ्यात पोट भरतं का? पैसा वर आलाय का? आणि सगळ्यात जड आक्षेप: ज्या बीड जिल्ह्यातली माणसं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात, तिथल्यांना हे शोभतं का?

पहिला आक्षेप किरकोळ. अशा सात-आठ ताटल्या एकामागून एक येतात. पूर्वी फ्रान्समध्येही सगळं एकदमच टेबलावर मांडत. पदार्थ क्रमाने आणण्याची रशियन रीत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली. आपल्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला बोटभर चटणी वाढतात, तेव्हा पोट भरतं का असं कुणी विचारत नाही.

खर्चाचं म्हणाल तर लग्नात हजारांची पंगत उठवणाऱ्यांनी आणि पुढाऱ्यावर जेसीबीतून फुलं उधळणाऱ्यांनी दोन माणसांच्या जेवणावर काटकसरीचं प्रवचन झोडावं, हे नवलच. ‘बायकोवर उधळले’ असंही कुणी लिहिलं. बिल बाईंनी भरलं, स्वतःच्या पेन्शनमधून.

कोयत्याचा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. राबायचं दोघांनी, मुकादमाकडून उचल घ्यायची नवऱ्याने. अंधारात उठून भाकरी थापायची बाईने, आणि दिवसभर फडात मोळ्या वाहायच्याही तिनेच. २०१९ साली शासनाच्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे भयंकर आहे. पण बाईंनी त्या रात्री वरणभातच खाल्ला असता तर कोणत्या कोयत्याची उचल फिटली असती? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संघटनांनी साखर संघाशी भांडून मिळवलेली. आणि ग्रुपवर कोयत्याची आठवण काढणाऱ्यांतला एक जण स्वतः मुकादम आहे. त्यावर मी जास्त बोलत नाही.

माझं म्हणणं असं की हे जेवण व्हायलाच हवं होतं. आपल्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, आणि पातेल्यात उरेल त्यावर घरची बाई. शाळेची नोकरी करूनही बाई जन्मभर शेवटीच बसल्या. त्या रात्री वेटरने खुर्ची मागे ओढली, तेव्हा तो ती दुसऱ्या टेबलाला नेतोय असं वाटून त्यांनी ती घट्ट धरून ठेवली. मग उलगडा झाला, हसल्या, बसल्या. अडीच तास ‘भाकरी आण’ असं कुणी म्हणालं नाही. टीव्ही नाही, पेपर नाही, दारात कुणी आलेलं नाही. गुरुजींना समोर बघून बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काय काय खाल्लं ते बाईंना आता धड आठवतही नाही. पैसे त्या बसण्याचे होते आणि ते वसूल झाले. हे तर घरीही फुकटात करता येतं, असं कुणी म्हणेल. येतं की. करा.

त्या रेस्टॉरंटांची भाटगिरी मला करायची नाही. त्यांना तारे वाटणारी मिशेलिन ही टायरवाली कंपनी. लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात म्हणून तिने १९०० साली आपली मार्गदर्शिका काढली. तेव्हा ताऱ्यांपुढे लोटांगण नको. जाणाऱ्यांनी शाकाहारी असल्याचं टेबल राखतानाच कळवावं. दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात आणि नळाचं पाणी मागितलं तर फुकट मिळतं, म्हणून बाटली आणू का असं विचारलं की भिडेपोटी मान डोलवू नये.