भट्टीला जायचं तर पाडव्याच्या सुमाराला

रत्नागिरीकराला वसंत ऋतूत घराबाहेर काढणं महाकठीण. फाल्गुनात शिमगा. ग्रामदेवतेची पालखी दारात यायची असताना गाव सोडून भटकायला जाणाऱ्याचं नाव वाडीत वर्षभर निघतं. शिमगा आटपेतो आंब्याच्या पेट्या भरायला येतात आणि मग मे अखेरपर्यंत कुणाला श्वास घ्यायलाही सवड नसते. या दोहोंच्या मधे, पाडव्याच्या आगेमागे, आठवडा-दहा दिवसांची एक फट सापडते. या सदरात मी नेहमी जवळच्या वाटा सांगतो. आजची वाट थोडी लांबची आहे आणि तिच्या टोकाला काजूची भट्टी आहे. तेव्हा ज्यांना दारूचं नाव नकोसं वाटतं त्यांनी हे पान खुशाल उलटावं.

भट्टी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. राज्याच्या ईशान्येला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वाळपई आणि तिच्या आसपासची गावं. समुद्रकिनाऱ्याच्या गोव्याशी त्यांचा संबंध नावापुरताच. गाडी घेऊन जायचं तर बांद्याहून दोडामार्ग, डिचोली, साखळी करत वाळपई गाठता येते. पण माझं ऐका, गाडी घरी ठेवा. दुपारी रत्नागिरीला येणारी मांडवी एक्सप्रेस धरा, संध्याकाळी थिवीला उतरा आणि पुढे कदंबची बस किंवा भाड्याची गाडी करा. जिथे चाखायला जायचं तिथून स्वतः गाडी हाकत परतायचं, हा बेतच मुळात चुकीचा.

मुक्कामाची जागा आधी ठरवता येते, भट्टीची वेळ ठरवता येत नाही. भट्टी काजूच्या बोंडांवर चालते आणि बोंडं झाडावरून केव्हा पडतील ते झाडच ठरवतं. फेणीसाठी बोंडं काढत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. डिसेंबर-जानेवारीत मोहोर उशिरा आला, मधेच ढगाळ हवा राहिली, तर सगळा हंगाम पंधरा दिवस पुढे सरकतो. मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा एवढं धरून चाला, आणि निघण्यापूर्वी तिथल्या कुणाला तरी फोन करून एकच प्रश्न विचारा: 'रस पडतोय का?' उत्तर 'नाही' आलं, तर तिकीट रद्द करा. थंड भट्टी बघायला एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

रस पडत असेल, तर मात्र बघण्यासारखं पुष्कळ आहे. सकाळी बाया-माणसं बागेतून बोंडं गोळा करतात आणि बी पिरगाळून वेगळी काढतात. बोंडं खडकात कोरलेल्या किंवा हल्ली सिमेंटच्या उथळ टाकीत टाकून पायांनी तुडवतात. काही ठिकाणी आता यंत्रं आली आहेत. पहिला रस भांड्यात जातो. उरलेल्या चोथ्याचा गोल ढीग करून, त्याला दोरी किंवा वेल गुंडाळून वर दगड ठेवतात. त्यातून रात्रभर थेंब थेंब निथळतो तो नीरो. हा नितळ नीरो ताजा असताना पोरंसोरंही पितात. दारू पिणार नसाल तरी एवढ्यासाठी जायला हरकत नाही. तुडवलेला रस तीनेक दिवस आंबतो. त्यात वरून यीस्ट घालत नाहीत. हवेतलं आणि फळावरचं असेल तेवढं पुरतं. मग भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, घालून खाली लाकडं पेटवायची. झाकणाच्या फटी चिखलाने लिंपायच्या आणि वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात नेऊन, वर पाणी ओतत, थंड करायची. पहिल्या धारेला येतो तो उर्राक, अल्कोहोल साधारण 15 टक्के. उर्राक पुन्हा भाणात गेला की फेणी होते, ती 42-43 टक्क्यांच्या घरात.

फेणी वर्षभर कुठेही मिळते. प्रवास करायचा तो उर्राकासाठी, कारण तो टिकत नाही. हंगाम संपला की उर्राकही संपला. लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची अशी तिथली रीत आहे. उन्हात तो सरबतासारखा उतरतो आणि तिथेच नवखा फसतो, म्हणून जेवून घ्या आणि एका ग्लासावर थांबा. भट्टीवाल्याचा दिवस मोडू नका. तो कामात असतो, आपण सुट्टीवर. फोटोआधी विचारा, आगीपासून लांब राहा, आणि जे प्याल त्याचे पैसे न मागता द्या. हे धंदे सरकारी लिलावातून चालतात. काजूचे विभाग दरवर्षी लिलावात जातात, त्याला तिथे पावणी म्हणतात. आकाराने लहान असली तरी भट्टी रीतसर असते.

नेमकं इथेच मला आपल्या घरचं आठवतं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि कोकणच्या कातळावर तो सारखाच रुजला. हद्द त्याला कळली नाही. 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची सीमा थेट गोव्याला भिडत होती. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक सरस जाती दिल्या. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे सगळं कौतुक बीचं. एक किलो बीमागे पाच ते आठ किलो बोंडं येतात, आणि लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या बागांत ती झाडाखाली सडतात. चिलटं घोंगावतात, गुरं खातात, बाकी माती. दोडामार्ग-सावंतवाडीकडची बोंडं निदान टेम्पोत बसून गोव्याच्या भट्टीवर जातात. रत्नागिरीची तेवढी तग धरत नाहीत. बोंडाचं सरबत, सिरप हे सगळं करून झालं आहे आणि ते चांगलंही लागतं. पण बागेत पडणाऱ्या ढिगाला सरबत पुरं पडेल, असं ते करणारेही म्हणणार नाहीत.

बोंडं अशी सडतात याचं कारण कायदा. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवलं. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा. त्याआधी इंग्रजांचा 1878 चा अबकारी कायदा होताच. त्याने गावोगावच्या गाळपाच्या नाड्या सरकारच्या हातात दिल्या आणि माडावर जगणाऱ्या भंडाऱ्यांना करांनी घायकुतीला आणलं. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. आपल्या कातळावरचं फळ, आपल्या बाईने वेचलेलं, आणि त्याचं मद्य विदेशी! पण हसून सोडावं असा हा निर्णय नाही, दार त्याने किलकिलं झालं आहे. आता त्यातून बाटलीबंद कारखानेच आत शिरले, तर बागायतदार बोंड पुरवणारा एवढाच उरेल. मला हवी आहे ती हंगामापुरती, लहान, बागेतली भट्टी: शेतकऱ्यांच्या गटाला परवाना, माफक शुल्क आणि नियमित तपासणी.

आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते उथळ नाहीत. हातभट्टीने उद्ध्वस्त झालेली घरं कोकणातल्या प्रत्येक वाडीत आहेत. दारूबंदीच्या मतदानात 'बाटली आडवी' करायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायका उगाच उभ्या राहिल्या नव्हत्या. म्हणून ग्रामसभेच्या, त्यातही महिला ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही परवाना देऊ नये असं माझं मत आहे. पण 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉल चोरट्या बाजारात येतं, तपासणीच्या वहीत नाही. परवान्याने चित्र कसं पालटतं ते बघा: स्कॉटलंडच्या डोंगरांत 1823 पूर्वी बहुतेक व्हिस्की चोरूनच गाळली जायची. त्या वर्षी कायद्याने लहान भट्टीला परवडेल असा परवाना दिला. 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला, तर शेजारचे चोरटे गाळणारे त्याच्या जिवावर उठले आणि बिचारा कमरेला पिस्तुलं लावून हिंडायचा. आज त्याच आडबाजूच्या खोऱ्यांत लोक जगभरातून भट्ट्या पाहायला जातात, मुक्काम करतात, गावच्या खाणावळीत जेवतात. राजापूर तालुक्यात असं एखादं गाव उभं राहायला कुठल्या डोंगराची अडचण आहे?

ते होईल तेव्हा होवो. यंदा मात्र सत्तरीच. परतताना उर्राकाची बाटली पिशवीत टाकायचा मोह होईल, पण तो आवरा. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणारी माणसं शिमग्याची सोंगं ओळखतात तितक्याच सहज पिशव्या ओळखतात. रेल्वेतही ही जोखीम घेऊ नका. काजूगर हवे तेवढे आणा, त्यांना कुणी अडवत नाही. फक्त भाव विचारून घ्या, कदाचित लांज्यात स्वस्त पडतील.