नुसता प्लॉट मिळून भागणार नाही



पहिला पाऊस पडला की बायका रानात शेवळं आणायला जातात. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळं टाकतात. शेवळं जमिनीतून येतात, काकड झाडावर. रानातला काकड तुटला तर शेवळं उगवूनही पोरांच्या पोटात जाणार नाहीत. जंगलाचं असंच आहे. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

मग हे रान पातळ कोणी केलं? साहेब लोक म्हणतात, आदिवासींनी. पण कूप कोणी काढले? आधी संस्थानासाठी, मग सरकारसाठी ठेकेदारांनी लाकूड नेलं. आपण तिथे मजूर होतो, मालक नव्हतो. तोडलेल्या जागी सागाच्या रांगा लावल्या. सागाला बाजारात भाव आहे, काकडाला, उंबराला नाही. पण साग पाखराला फळ देत नाही, पोराला भाजी देत नाही.

तरी सगळा दोष दुसऱ्यावर टाकून आपण मोकळं होऊ शकत नाही. ओहोळाच्या डोहात पावडर टाकून मासे कोण मारतं? एका दिवसाच्या कालवणासाठी पिल्लांसकट डोह साफ होतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवतो, आग डोंगर चढते, कोवळी रोपं जळून जातात. हे आपलेच हात आहेत.

एक जात गेली तर काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. गिधाडं आठवा. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडंही मरत. 2006 साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. आता मेलेलं ढोर माळावर सडतं.

आता कायद्याचं. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. नमुना 'अ' भरायला गर्दी आहे. तो भरायलाच पाहिजे, प्लॉटवर आपला घाम पडलाय. पण सामूहिक हक्कांचा नमुना 'ब' आणि सामूहिक वनसंपत्तीचा नमुना 'क' कोरेच पडून राहतात. प्लॉटवर नागली-वरई पिकेल. शेवळं, करटोली, मध, सरपण, औषधाचा पाला गावाच्या जंगलातूनच येणार. ते जंगल राखायचा, वाढवायचा हक्क कलम 3 मध्ये आहे. कलम 5 ने तर जंगल, वन्यजीव, पाण्याच्या जागा आणि जैवविविधता, म्हणजे रानातली सगळी जीवजात, सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो मागितलाच नाही, तर उद्याही दुसराच कोणी ठरवेल काय तोडायचं आणि काय लावायचं.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन कामं करा.

एक, नमुना 'ब' आणि 'क' भरा. म्हाताऱ्या माणसांना, बायकांना घेऊन जंगलाची हद्द फिरा. कुठे काय मिळतं ते लिहून काढा.

दोन, राखणीची समिती निवडा. निम्म्या बायका घ्या, रानात रोज त्याच जातात.

तीन, ठराव लिहा: डोहात पावडर नाही, रानात आग नाही, फळझाडाला कुऱ्हाड नाही. मोडणाऱ्याला ग्रामसभा जाब विचारेल, तो संघटनेचा असला तरी.

वाघबारशीला आपण वाघदेवाला नारळ फोडतो. त्याचं रानही राखू या. जंगल आपलं म्हणायचं, तर राखणही आपलीच.