गच्चीवरचे विमान, कागदावरचे कोटी

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, घराच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडले गेले आणि सत्ताधाऱ्यांना स्वदेशीचा उमाळा आला. फेब्रुवारी 2018 मध्ये राज्य सरकारने विमाननिर्मितीसाठी 35,000 कोटी रुपयांचा सामंजस्य करारही केला. परंतु ज्या विमानाच्या जोरावर हा सोहळा झाला, त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर 2017 मध्ये आणि त्याला चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर 2019 मध्ये! करारावर सह्या करण्यास एक दिवस पुरतो. कारागिराच्या अर्जाला वर्षे लागतात.

त्याहून बोलका आहे तो नोंदणीक्रमांक. त्यातील ‘एनएमडी’ ही अक्षरे यादव यांनी नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी घेतली. यात यादव यांचा दोष नाही. दोष आहे तो हक्काचा परवाना मेहेरबानीच्या रूपाने पदरात घालणाऱ्या व्यवस्थेचा. नियम चोख असता, तर पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांचे आभार मानण्याचा प्रसंगच कशाला आला असता?

असा नियम अशक्य नाही. अमेरिकेत विमानाचे सुटे भाग पेट्यांत भरून विकले जातात. निम्म्याहून अधिक काम हौसेने वा शिकण्यासाठी स्वतः केले, तर ते विमान ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदले जाते. त्याची तपासणी होते, पहिले काही तास ते ठरावीक क्षेत्रातच उडवावे लागते, आणि भाडे घेऊन प्रवासी नेण्यास सक्त मनाई असते. सुरक्षिततेचा बाऊ करून अर्ज अडवून ठेवणाऱ्यांनी हे पाहावे. सुरक्षितता तपासणीने साधते, विलंबाने नव्हे.

काही कार्यकर्ते म्हणतील, एस.टी. वेळेवर येत नाही तिथे विमानाची हौस कशाला? प्रश्न रास्त आहे. पण येथे वाद चैनीचा नसून कौशल्याच्या प्रतिष्ठेचा आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीच्या होड्या बांधल्या. लाकडाची फळी किती वाकेल आणि सांधा कोठे दगा देईल, हे त्यांचे हात जाणतात. याच जिल्ह्यातील मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी आणि वेल्डिंग शिकतात. रत्नागिरीत तटरक्षक दलाच्या ताब्यातील धावपट्टीही आहे. हात आहेत, शिक्षण आहे, धावपट्टी आहे. मात्र या मुलांपैकी कोणी उद्या विमान बांधावयास घेतले, तर त्याच्यासाठी कोणता मुख्यमंत्री शब्द टाकणार?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. हौशी बांधणाऱ्यांसाठी सुटसुटीत नियम, अर्जाच्या निकालाला ठरलेली मुदत, टप्प्याटप्प्याने अल्प शुल्कात तपासणी, प्रशिक्षण संस्थांत सार्वजनिक कर्मशाळा आणि चाचणीसाठी सरकारी धावपट्टीवर राखून ठेवलेले तास. यासाठी 35,000 कोटी लागत नाहीत. कारागिराला याचक न मानता नागरिक मानण्याची तयारी तेवढी लागते, आणि तीच आजवर कोणत्याही करारात लिहिली गेलेली नाही.